भावाच्या फोनातलं गाणं

ते गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ते गाणंच वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात दाण्याचा कूट करत होते. मिक्सर बंद केला तरी घरघर चालूच राहिली, म्हणून बाहेर येऊन पाहिलं. मुलगी आरशासमोर उभी राहून एका हातानं ओढणी फिरवत होती आणि टीपॉयवर तिचा फोन जीव तोडून वाजत होता.

"हे काय लावलं?" मी विचारलं.

"आई, सगळीकडं हेच चालून राह्यलं. हळदीले यावरच नाचायचं आहे आमाले."

तिचं लग्न सव्वा महिन्यावर आलं होतं. मी वाशीमच्या कोर्टात नकला विभागात नोकरीला आहे. जुन्या निकालांच्या नकला काढायच्या, तपासायच्या, शिक्का मारून लोकांना द्यायच्या. दिवसभर कागदांच्या शांततेत बसणारं माणूस घरी आल्यावर थोडी शांतताच मागतं. त्यातून माझं गाण्याचं वेड जुन्या रेडिओवरचं. या गाण्याला ना चाल होती ना अर्थ. एक ढोल, एक शिट्टी आणि सर्दी झाल्यासारखी गाणारी एक बाई. आणि दर चार ओळींनी ती म्हणायची, 'पाटोडी, पाटोडी'.

"लग्नाच्या गाण्यात पाटोडी कायले पाहिजे?" मी म्हटलं. बेसनाची पाटोडी आमच्याकडे झणझणीत रश्श्यात टाकून खातात. नवरीनं तिचं नाव घेत नाचावं असं तिच्यात काही नाही.

मुलगी हसून हसून सोफ्यावर पडली. "पाटोडी नाही आई, पाठोपाठ! ती त्याले म्हणते, तू पुढं चाल, मी पाठोपाठ येते."

मला तरी पाटोडीच ऐकू येत राहिली.

मग रोज संध्याकाळी तिच्या चार मैत्रिणी यायला लागल्या. हॉलमधल्या खुर्च्या, टेबलं भिंतीला लागली. एकीचा पाय चुकला की गाणं परत पहिल्यापासून. एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा तरी ते वाजत असेल. पहिले दोन-तीन दिवस मी दार ओढून घेऊन आत बसले. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सरळ देवळाची वाट धरली.

पाचव्या की सहाव्या दिवशी कणीक मळताना माझ्या लक्षात आलं की माझ्या मुठी त्या ढोलावर पडत आहेत. दोन ठोके, थांबा, मग एक. हात थांबवले तर कणकेत मन लागेना. दुसऱ्या दिवशी कोर्टात नकलांवर शिक्के मारत होते. शेजारच्या टेबलावरचे साहेब चष्म्यावरून बघायला लागले.

"मॅडम, तब्येत बरी आहे नं?"

मी तालात शिक्के मारत होते.

त्यानंतर मी ते गाणं नीट ऐकायला लागले. दुसऱ्या ओळीच्या आधी ती बाई एक छोटा श्वास घेते, तो ऐकू यायला लागला. ढोलाच्या मागे कुठेतरी एक पेटी आहे, ती पूर्ण गाण्यात एकदाच वाजते आणि वाजून गेल्यावर कळते, हेही समजलं. आणि एका संध्याकाळी अचानक पाटोडीचं पाठोपाठ झालं. आपोआप. त्यानंतर मी कितीही प्रयत्न केला तरी मला पुन्हा पाटोडी ऐकू आली नाही. आता त्या बाईचा आवाज सर्दीचा वाटेना, रडू आवरून हसल्यासारखा वाटायला लागला. मी यांना म्हटलंसुद्धा, "ऐका तर एकदा, वाईट नाही तेवढं." ते म्हणाले, "तुले लग्नाचं टेन्शन आलं."

आता माझ्या भावाबद्दल सांगते. तो माझ्या पाठचा, दीड वर्षांनी लहान. कामरगावजवळ आमचं माहेर आहे. आईवडील गेले, आता शेती आणि घर तोच बघतो. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, तो मला बाई म्हणतो. मी त्याला भाऊ म्हणते. अबोल माणूस. गणपतीच्या मिरवणुकीत सगळे नाचायचे तेव्हा हा ट्रॅक्टरच्या मागे चालत वायरी सांभाळायचा. भजनात टाळ वाजवतानाही भिंतीला टेकून बसायचा, कोणी पाहू नये असा.

लग्नाआधी पंधरा दिवस मुलगी त्याच्याकडे गडंगनेराला गेली. लग्न ठरलेल्या पोरीला नातेवाईक जेवायला बोलावतात, त्याला आम्ही गडंगनेर म्हणतो. ती तीन दिवस राहिली आणि साडी, बांगड्या, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी असं सगळं घेऊन आली. "मामा कसा आहे?" मी विचारलं. "मस्त," म्हणाली आणि हसली. मी यादीत गुंतले होते. त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही.

लग्न वाशीमलाच, शहराबाहेरच्या एका मंगल कार्यालयात होतं. हळदीच्या संध्याकाळी ते गाणं चार वेळा वाजलं. पहिल्या वेळी मी टाळ्या वाजवल्या, पोरींबरोबर मीही दोन पावलं टाकली. चौथ्या वेळी माझं डोकं ठणकायला लागलं. पुरणपोळी आवडते म्हणून पाचवी ताटात वाढली की कसं होतं, तसं झालं. ढोल आता कानात वाजत नव्हता, पोटात वाजत होता.

दुसऱ्या दिवशी वरात यायला उशीर झाला. नवरदेव मंडपात येऊन उभा राहिला तरी त्याचे मित्र बाहेर नाचतच होते. मुहूर्त जवळ आला. आत मंडपात गुरुजी माइकवर सांगायला लागले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं." एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मुलगी आत खोलीत तयार होऊन बसलेली. मामाचा पत्ता नाही. बाहेर वरातीपुढच्या स्पीकरच्या गाडीवर तेच गाणं इतक्या जोरात चाललं होतं की मंडपाचं कापड थरथरत होतं. यांनी दोन माणसं शोधायला पाठवली. ती परत आली नाहीत. वरमाईची बहीण माझ्याजवळ येऊन गोड आवाजात म्हणाली, "मुहूर्त टळला तं बरं नाही दिसत हो." माझ्या पायाखालची जमीन तापली.

मी शालू सावरत स्वतः बाहेर गेले.

गाडीच्या पुढे, नवरदेवाच्या मित्रांच्या घोळक्यात, माझा भाऊ नाचत होता. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला, डोक्यावर गुलाबी फेटा. डोळे अर्धे मिटलेले. मी मुलांमधून वाट काढत गेले आणि त्याचा दंड धरून ओढला.

"लाज नाही वाटत? आत गुरुजी आवाज देऊन देऊन थकले. या वयात कायचे थेरं चालवले?"

गाणं त्याच वेळी एका थांब्यावर आलं होतं. ते दोन ठोक्यांमधलं थांबणं मला पाठ होतं, पण त्या क्षणी लक्षात आलं नाही. माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. व्याही तिथेच उभे होते. कोणीतरी पोरगं फिसकन हसलं.

भाऊ माझ्या मागून आत आला. भाचीला हात धरून मंडपात आणलं, अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या. मंगलाष्टका संपल्यावर मी पाहिलं तर तो नव्हता. त्याची बायको, माझी भावजय, लेकरांना घेऊन चपला शोधत होती. "बाई, ते निघाले. आमी बी जातो," एवढंच म्हणाली. पंगती सुरू झाल्या होत्या. ते न जेवता गेले.

मुलीची पाठवणी झाली, सोयरे गेले. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी त्याला फोन लावला. त्याच्या नंबरवर मी बऱ्याच दिवसांत फोन लावला नव्हता. लग्नाच्या धामधुमीत सगळं भावजयीच्या फोनवर चालायचं, आणि त्याला काही हवं असलं की तोच लावायचा. मी फोन कानाला लावला आणि कानात ढोल वाजला. तेच गाणं. रिंगच्या जागी.

मी फोन कानापासून दूर धरून पाहिलं. नंबर त्याचाच होता. गाणं वाजत राहिलं, मग तुटलं, आणि एका बाईनं सांगितलं की आपण ज्यांना फोन करत आहात ते उत्तर देत नाहीत.

"यानं मुद्दाम लावलं," मी यांना म्हटलं. "मले ऐकवाले."

"त्याले फोनातलं तेवढं येते काय?"

"त्याचे पोट्टे आहेत नं घरात."

यांनी खांदे उडवले. माझी मात्र खात्री झाली. तू मला सगळ्यांसमोर बोललीस ना, आता ऐक. जितक्यांदा फोन करशील तितक्यांदा ऐक.

आणि मी ऐकलं. रोज ऐकलं. सकाळी कोर्टात जायच्या आधी, दुपारी डबा खाऊन झाल्यावर, संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर. त्या फोनातल्या गाण्याला सुरुवात नव्हती. ते मधूनच, पाठोपाठच्या दुसऱ्या 'पाठ'वर सुरू व्हायचं. मग दोन ओळी, ढोल, शिट्टी, परत दोन ओळी, आणि पुढचं कडवं सुरू होणार तोच तोडून टाकल्यासारखं थांबायचं. दरवेळी त्याच शब्दावर. मला आता पेटी वगैरे काही ऐकू येत नव्हती. बाईचं रडूही नाही, हसूही नाही. फक्त भाऊ फोन उचलत नाही, एवढंच त्या गाण्यात उरलं होतं. तो ढोल सुरू झाला की शिट्टीपर्यंत येईतो माझं तोंड कडू व्हायचं.

गावात त्यापासून सुटका नव्हती. ऑटोत तेच, कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तेच. एकदा एका पक्षकाराला नकल तयार झाली म्हणून कळवायला फोन लावला, तर त्याच्याही फोनात तेच. मी फोन आपटून ठेवला. समोर अर्ज घेऊन उभी असलेली म्हातारी दोन पावलं मागे सरकली.

भावजयीला फोन केला की ती उचलायची. "ते वावरात आहेत, बाई." "ते आत्ताच आंघोळीले गेले." एकदा तिच्या मागे त्याचा खोकला ऐकू आला आणि ती म्हणाली, "बाहेर गेले." मग ती म्हणाली, "तुमी मनाले लावून घेऊ नोका. त्याईचं असंच आहे."

"काही म्हणते काय माह्याबद्दल?"

"काईच नाही म्हनत. तेच तं आहे."

रात्रीची झोप गेली असं नाही म्हणणार, पण दिवसाही कुठे मन ठरेना. एक नकल मी दुसऱ्याच खटल्याच्या फाईलला टाचली. आयुष्यात पहिल्यांदा.

मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्यापासून लपवायचं ठरवलं होतं. पण तिनंच विचारलं, "मामा का नाही आला भेटाले?" मी सांगितलं. सांगताना माझा राग अजून जिवंत होता. मुहूर्ताचं, गुरुजींचं, वरमाईच्या बहिणीचं सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड पडत गेलं.

"आई, मीच सांगितलं होतं त्याले."

"काय सांगितलं होतं?"

"नाचाचं. गडंगनेराले गेली होती तेव्हा. मी म्हटलं, मामा, मले तुमच्याकडून आहेर नको. माह्या वरातीपुढं एक डाव नाचा, या गाण्यावर. नाहीच म्हणे. मग तयार झाला. मी तीन दिवस शिकवलं त्याले, मागच्या अंगणात."

तिनं फोन काढला. नवऱ्याच्या मित्रानं वरातीचा व्हिडिओ काढला होता. त्यात शेवटी माझा भाऊ होता. त्या दिवशी मी त्याला पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. बाकीची पोरं अंग सोडून नाचत होती. तो जागच्या जागी तीन पावलं टाकत होता, मग एक गिरकी, मग हात वर. गिरकी घेताना किंचित लडखडत होता. आणि त्याचे ओठ हलत होते.

"गाऊन राह्यला काय?" मी विचारलं.

"नाही. मोजून राह्यला. मी तसंच शिकवलं. एक, दोन, तीन, वळा."

व्हिडिओच्या टोकाला लाल शालूतली एक बाई आली. तिनं त्याचा दंड धरला. चित्र हललं आणि संपलं. मी ते परत लावायला सांगितलं. मग परत. मुलगी म्हणाली, "आई, बस कर." मी तिच्या हातातून फोन घेतला आणि आणखी दोनदा पाहिलं.

त्यानंतर भावाला फोन लावला की मी मोजायला लागले. गाणं दुसऱ्या 'पाठ'वर सुरू झालं की एक, दोन, तीन, आणि शिट्टीवर वळण. बरोबर बसायचं. तो आता कुठे असेल, वावरात की ओसरीवर, फोन हातात घेऊन माझं नाव बघत असेल का, असं मनात यायचं आणि तरी मी मोजत राहायचे. तोच गाण्याचा तुकडा, तेच तुटणं. पण आता ते तुटलं की मला राग येत नसे. लगेच परत लावावंसं वाटायचं. आणि मी लावायचे. कधीकधी तर तो उचलू नये असंही एखाद्या क्षणी वाटून जायचं, निदान शिट्टीपर्यंत. ही गोष्ट मी तेव्हा कोणालाही सांगितली नाही.

मग चैत्रातल्या एका सकाळी फोन लावला आणि गाणं वाजलं नाही. नुसती रिंग. ट्रिंग, ट्रिंग. साधी, कोणाच्याही फोनची.

मी कापून परत लावला. परत रिंग. तिसऱ्यांदा लावला, तरी रिंगच. त्यानं गाणं काढून टाकलं. म्हणजे आता मला ऐकवायचंही काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ माझ्या मनानं लावला. भावजयीचा फोन बंद लागत होता. मी पोळ्या अर्ध्यावर टाकल्या.

"मी कामरगावला चालली," यांना सांगितलं.

"आज? कोर्ट?"

"रजेचा अर्ज तुम्हीच नेऊन द्या."

वाशीमहून कारंज्याची बस, मंगरूळपीरवरून. खिडकीतून ऊन आत येत होतं, मी सरकले नाही. दर अर्ध्या तासानं फोन लावत होते आणि रिंग ऐकून कापत होते. कारंज्याला उतरून कामरगावची जीप धरली. जीपमध्ये गाणी लागली होती. मी कान देऊन वाट पाहिली. ते आलं नाही. दुसरंच कुठलंसं नवीन लागलं होतं आणि मागच्या बाकावरची पोरं त्याच्यावर माना हलवत होती. दोन महिन्यांत ते गाणं जुनं झालं होतं. मला त्या पोरांचा उगाच राग आला.

घरी भावजय होती. मला दारात पाहून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "बाई? असं अचानक?" तिच्या फोनचा चार्जर बिघडला होता, म्हणून तो बंद होता. भाऊ वावरात होता. मी पाणी प्यायले आणि तशीच निघाले.

तो भुईमुगात स्प्रिंकलरचे पाईप बदलत होता. मला बांधावरून येताना पाहिलं, थोडा थांबला, परत कामाला लागला. मी जवळ गेले.

"कशी आली?"

"जीपनं."

"सांगून याचं."

"फोन उचलतो काय तू?"

त्यानं पाईपचं एक टोक माझ्याकडे केलं. "धर."

मी धरलं. पाईपमधलं उरलेलं पाणी माझ्या साडीवर सांडलं. आम्ही तो पाईप चार सऱ्या पलीकडे नेला, त्यानं जोडला, मग दुसरा उचलला. तीन पाईप झाल्यावर माझ्याच्यानं राहवेना.

"फोनातलं गाणं काहून काढलं तू?"

"कोनतं गानं?"

"नाटक नको करू. तेच. पाठोपाठ."

तो सरळ उभा राहिला. "माह्या फोनात? गानं?"

त्यानं सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. पाण्यापासून जपायला त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली होती. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "हे तं नुसतं टिरिंग वाजते."

"तुह्या कानाले नाही ऐकू येत. जो फोन करते त्याले ऐकू येते."

"म्हंजे जेनं जेनं मले फोन केला..."

"हाव. सगळ्याईले."

त्यानं फोन परत पिशवीत गुंडाळला. मग म्हणाला, "तरीच. कृषी सहायक फोनवर सारखा हासे. म्या म्हटलं, मानूस मोठा खुशमिजाज आहे." मग म्हणाला, "पोरीनं लावलं असन. तीन दिवस फोन तिच्याजवळच होता."

मी तिथेच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "हो, मीच लावलं होतं, गंमत म्हणून. विसरूनच गेली मी. त्याची मुदत असते आई, संपली असन."

इतके दिवस मी ज्याच्यावर चिडले, ज्याच्या मागे त्याचं मन शोधत राहिले, ते त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं.

"मले वाटलं तू मुद्दाम लावलं," मी म्हटलं.

"मले ऐकू येत असतं तं कवाच काढलं असतं." तो पाईपवर बसला. "मले आता ते गानं आयकवत नाही, बाई. पयले त पोरीनं लावलं तवा म्हटलं, हे काय कावकाव आहे. मंग रोज आयकून आयकून गोड लागलं. मोटर चालू कराले आलो की इथंच नाचून पाहे म्या, कोनी नसलं की. आता गावात कुठी वाजलं तं उठून जातो."

"चुकलं माझं, भाऊ."

त्यानं पाईपच्या तोंडातला गाळ बोटानं काढला.

"पोरगी बोलली मले सगळं," मी म्हटलं. "मुहूर्त टळत होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. बोलायला नको होतं लोकांसमोर."

"बोलन्याचं काई नाही. लहानपनापासून बोलतच आली तू." त्यानं हाताला लागलेली माती झटकली. "तू दंड धरून वढला तवा फेटा पडला. तू त्याच्यावर पाय देऊन पुढं गेली. मागं पाह्यलंच नाही."

मला हे माहीत नव्हतं. व्हिडिओत ते नव्हतं, तो त्याआधीच संपत होता. मी आठवायचा प्रयत्न केला. पायाखाली कापडाचा मऊपणा लागला होता का? काही आठवेना. खरं सांगायचं तर आजही आठवत नाही. पण त्याच्या तोंडाकडे पाहून ते घडलं होतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. पोरींनी त्याला तो फेटा बांधून दिला होता, त्यांनी आरशात दाखवला होता, एवढं मला माहीत होतं.

"मले माहीत नव्हतं रे," मी म्हटलं.

"मले मालूम आहे तुले मालूम नोव्हतं ते. तरी..." तो मग उठला. "दोन पाईप राह्यले. मंग जेवाले जाऊ."

भावजयीनं भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी केली होती. जेवताना आम्ही पावसाचं, मुलीच्या सासरचं, कोणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं बोललो. गाण्याचं कोणीच काढलं नाही. जीपला बसवायला तो फाट्यापर्यंत आला. जीप भरायची वाट बघत आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. त्याला एकदा विचारावंसं वाटलं की फेट्याचं पुढं काय झालं, कोणी उचलला का. विचारलं नाही.

"पोचली की फोन करजो," तो म्हणाला.

वाशीमला पोचल्यावर मी फोन लावला. तिसऱ्या रिंगला त्यानं उचलला.

"पोचली काय?"

"पोचली."

"बरं." आणि ठेवला.

आता तो फोन उचलतो. कधी नाही उचलत, तर तास-दोन तासांनी परत करतो. माझी सवय मात्र गेली नाही. रिंग वाजत असली की मी मनात मोजते, आणि त्यानं लवकर उचललं तर मध्येच दचकते. एकदा मुलीकडून ते गाणं मी माझ्या फोनात घालून घेतलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रोज सव्वा महिना ऐकलेलं ते गाणं मला पुन्हा जसं लागायला हवं होतं तसं लागलं नाही. पेटी आली त्या जागी आली, बाईनं तो छोटा श्वास घेतला. पण फोनात जिथं ते तुटायचं त्या शब्दापाशी आलं की माझा हात आपोआप फोनकडे जायचा, परत लावायला. पुढचं कडवं मी अजून नीट ऐकलेलं नाही.

राखीला तो वाशीमला आला. पोहे खात होतो. शेजारच्या घरी कोणाचा तरी वाढदिवस होता, स्पीकर लागला होता, आणि दोन-चार गाण्यांनंतर ते लागलं. ढोलाच्या पहिल्या ठोक्यालाच मला कळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चमचा थांबला. मी उठले आणि खिडकी लावली. काच बंद केली तरी ढोल ऐकू येतच होता, शब्द मात्र कळत नव्हते.

"उकाडा होईन," तो म्हणाला.

"पंखा वाढवते," मी म्हटलं, आणि वाढवला. त्यानं पोहे संपवले, अजून थोडे मागितले. मी वाढायला आत गेले तेव्हा गाणं अजून चालूच होतं.